काकांची हद्द

कुठलीही इमारत आधी मागच्या बाजूने बघायची, असा माझ्या मावशीच्या यजमानांचा नियम होता. पुढून सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात, त्यात इमारतीचं स्वतःचं कर्तृत्व काही नाही, असं ते म्हणत. पुढची बाजू बादशहाला दाखवायची म्हणून बांधलेली असते. मागची बाजू गवंड्यांनी ‘इकडे कोण बघायला येतंय’ म्हणून उरकलेली असते, आणि त्या राज्यात कारभार कसा चालायचा ते खरं तिथे कळतं. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी हाच नियम पाळला होता म्हणे. सगळी मंडळी पुढच्या खोलीत पोहे खात बसलेली असताना हे घराला वळसा घालून मागल्या दारी गेले. तिथे मावशी शेजारणीशी नळावरून भांडत होती. तिथल्या तिथे पसंत करून टाकली, असं ते आम्हां मुलांना अभिमानाने सांगत. मावशीचं यावर म्हणणं एवढंच होतं, की ते हात धुवायला आले होते.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी केंद्र सरकारात जन्मभर नोकरी केली. कुठल्या मंत्रालयात, हे मला कधी नीट कळलं नाही, कारण दर वेळी विचारावं तर उत्तर वेगळं यायचं. नोकरीत होते तोवर दिल्लीत आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्त झाल्यावर दिल्लीच्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर. दिल्लीला जाणारा आमच्या नात्यातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे उतरायचा. कोणी लग्नानंतर फिरायला, कोणी इंटरव्ह्यूला, कोणी वैष्णोदेवीला जाता जाता. आणि आलेल्या प्रत्येकाला दिल्ली दाखवायची, ही जबाबदारी कोणी न सांगता काकांनी स्वतःकडे घेतलेली होती. दसरा झाला की ते डोक्यावर माकडटोपी चढवत, ती होळीलाच उतरे. अंगात कोट, खांद्याला खादीची पिशवी आणि पाठीमागे आमच्यासारख्या पाहुण्यांची रांग, अशी त्यांची स्वारी निघे.

त्यांच्यासोबत दिल्ली बघणं सोपं नव्हतं. एका दिवसात एकच इमारत. दुसरी वाटेत आली तर मान वळवायची नाही. आत शिरण्यापूर्वी सगळ्यांचे मोबाइल त्यांच्या पिशवीत जमा करायचे. आधी डोळ्यांनी बघा, यंत्राने नंतर. माझ्या एका चुलत दिराने चोरून सेल्फी काढला, तर काका त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. आणि बोलले तेही सरकारी भाषेत, ‘आपल्या वर्तनाची नोंद घेण्यात आली आहे’ असं.

ही सरकारी भाषा त्यांच्या अंगातच मुरलेली होती. माझ्या मुलीने, मनवाने, दुसरा लाडू मागितला की ते म्हणत, ‘अर्ज प्राप्त झाला,’ आणि तिला योग्य त्या कार्यवाहीसाठी मावशीकडे पाठवत. बाथरूम रिकामं नसलं तर प्रकरण प्रलंबित असायचं. आणि जी गोष्ट त्यांना करायचीच नसे ती ‘विचाराधीन’ जायची. विचाराधीन गेलेलं काही परत येताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलाची मोटरसायकल विचाराधीन असतानाच तो शिकला, नोकरीला लागला आणि त्याने गाडी घेतली.

दुसरा नियम भाषेचा. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. आर. के. पुरमच्या त्यांच्या जिन्यात तामिळ, बंगाली, पंजाबी, ओडिया अशी सगळी कुटुंबं होती. दुसऱ्याच्या देखत त्याला न कळणारी भाषा बोलणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं काकांचं मत होतं. मत चांगलंच होतं, पण ते त्यांनी बायकोलाही लावलं. घरात ‘अगं, गॅस बंद केलास का,’ आणि पाऊल दाराबाहेर पडलं की लगेच, ‘सुनिए, आपने ताला ठीक से लगाया न?’ मावशी ठामपणे मराठीतच उत्तर द्यायची. सोसायटीत नवीन आलेल्या एका बाईंना कित्येक महिने वाटत होतं, की हे दोघं शेजारी आहेत आणि त्यांचं फारसं पटत नाही.

आणि तिसरा नियम हद्दीचा. दिल्लीची हद्द जिथे संपते तिथे काका संपत. नोएडा उत्तर प्रदेशात, म्हणून नोएडाला जायचं नाही. मुलगा नोकरीसाठी गुरुग्रामला राहायला गेला, ते हरियाणात. द्वारकेहून ते अगदी जवळ. पण मुलाकडे जाताना काका टॉवेल, पाण्याची बाटली, औषधं अशी बॅग भरत आणि शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून निघत. मुलगा वैतागायचा. ‘बाबा यार, अर्धा तास आहे, बिल्कुल अर्धा तास,’ म्हणायचा. काका सांगत, अंतराचा प्रश्न नाही, राज्य बदलतं.

त्यामुळे ताजमहाल त्यांनी पाहिलेला नव्हता. पाहुण्यांना ते आग्र्याच्या बसपर्यंत सोडायला जात आणि बस हलली की परत फिरत. का, म्हणून विचारलं तर, ‘माझ्या अखत्यारीत येत नाही.’

अशा घरात एका नाताळच्या सुट्टीत मी, मनवा आणि माझ्या सासूबाई जाऊन थडकलो. नवऱ्याची रजा ऐन वेळी नामंजूर झाली होती. सासूबाई सांगलीच्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. पहिल्याच संध्याकाळी, हातात चहाचा कप आल्याबरोबर त्यांनी काकांना सांगितलं, की मला ताजमहाल बघायचाय. बाकी तुम्ही दाखवाल ते बघीन.

‘विषय विचाराधीन ठेवू,’ काका म्हणाले.

‘कधीपर्यंत?’ सासूबाईंनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरात मावशीच्या हातातला झारा थांबला. काका क्षणभर गडबडले आणि म्हणाले, यथावकाश. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

‘यथावकाश म्हणजे कुठला वार? शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, एवढं मला ठाऊक आहे.’

काकांनी सकाळी लवकर निघायचंय असं जाहीर केलं आणि ते झोपायला निघून गेले. बाहेर अजून नीट अंधारही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हुमायूनच्या मकबऱ्याची पाळी होती. सकाळचं धुकं विरून छान ऊन पडलं होतं. दारात काकांनी पिशवी पुढे केली. मी आणि मनवाने फोन टाकले. सासूबाई थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिल्या. शाळेत मुलींचे फोन मी जप्त करत असे, म्हणाल्या, माझ्यावर कधी ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण टाकला.

मग काकांनी आम्हांला त्या देखण्या इमारतीसमोरून अक्षरशः खाली मान घालून नेलं. वर बघू नका, आत्ता बघू नका, असं हिंदीत बजावत. बाग मोठी, सासूबाईंची चाल हळू. लाल दगडाची ती प्रचंड इमारत आमच्या उजव्या हाताला होती आणि आम्ही चौघं नुकतीच चोरी केल्यासारखे जमिनीकडे बघत तिला वळसा घालत होतो. मागे पोचल्यावर काका थांबले आणि बोलू लागले. आता आम्ही सगळी मराठी माणसं. पण आजूबाजूला लोक होते, म्हणून भाषण हिंदीत. त्यांची हिंदी फार सुरेख होती. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. कोपऱ्यातला छोटा घुमट दाखवून काका म्हणाले, याला लोक न्हाव्याचा घुमट म्हणतात. एवढ्या मोठ्या बादशहाच्या शेजारी न्हावी कसा, असं विचारू नका. जो रोज गळ्याशी वस्तरा धरतो, त्याला जवळ जागा द्यावीच लागते. हे मी नोकरीत शिकलो. लोक हसले. एका गृहस्थांनी तर, उद्या कुतुबमिनारला तुम्हीच असता का, म्हणून विचारलं. काका खुलले. तेवढ्यात मनवाने माझी ओढणी ओढली. आजी कुठेय, तिने विचारलं.

सासूबाई नव्हत्या. आधी वाटलं, गर्दीच्या मागे असतील. तिथे नव्हत्या. मी डावीकडे जाऊन आले, काका उजवीकडे. मनवा म्हणाली, आजीला फोन लावू या. आजीचा फोन काकांच्या खांद्यावर होता. आणि जणू तो आहे हे सांगायलाच त्या पिशवीतून सासूबाईंची रिंगटोन, गणपतीची आरती, वाजायला लागली. पुण्याहून माझा नवरा आईची खुशाली विचारत होता. काकांनी फोन काढला, माझ्याकडे बघितलं, कानाला लावला आणि म्हणाले, ‘वे अभी उपलब्ध नहीं हैं।’ मग बंद केला. त्यानंतर माझा फोन वाजायला लागला, तोही त्याच पिशवीत.

सुरुवातीला मला हसू येत होतं. पण बरीच शोधाशोध झाल्यावर येईना. सासूबाईंना साखरेचा त्रास, जेवायची वेळ टळत आलेली. हिंदी त्यांना मालिकांतली समजायची, बोलता यायची नाही. एवढ्या मोठ्या आवारात कुठे तोल जाऊन पडल्या असतील तर, हा विचार मनात यायला लागला. काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी माकडटोपी काढून हातात घेतली. डिसेंबरात त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघत होते. केस विस्कटलेले, कान लाल. एकदम म्हातारे दिसायला लागले.

रखवालदाराकडे हातात धरायचा भोंगा होता. त्याने वर्णन विचारलं. कुठल्या रंगाची साडी, शाल कुठली. काकांना यातलं काही सांगता येईना. सकाळपासून ते बाईंच्या पुढे चालत होते. मी वर्णन सांगितलं आणि रखवालदाराने हिंदीत दोनदा पुकारा केला, सांगलीहून आलेल्या माताजींनी दरवाज्याशी यावं म्हणून. कोणी आलं नाही. तेव्हा काकांनी त्याच्या हातातून भोंगा मागून घेतला. तोंडाशी धरला. मग त्या सगळ्या आवारात, इतक्या अनोळखी माणसांच्या देखत, मराठी उमटली.

‘विहीणबाई, मी बोलतोय. जिथे असाल तिथे बसून राहा. चालू नका, तुमचे गुडघे दुखतात. चूक माझी आहे. मी येतोय.’

हे ऐकून सासूबाईंच्या आधी मुलं आली. मराठवाड्याकडची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला दिल्लीत राहणारी, सुट्टी म्हणून फिरायला आलेली. काका, काय झालं, कोण हरवलंय, असं विचारत भोवती गोळा झाली. काका एकदम मराठीतच त्यांना सगळं सांगायला लागले. शालीचा रंगही, जो त्यांना आत्ताच माझ्याकडून कळला होता. मुलं पांगली आणि थोड्याच वेळात त्यांच्यातली लातूरची एक मुलगी हात हलवताना दिसली.

सासूबाई आवाराच्या पार कडेला, भिंतीलगतच्या उन्हात गवतावर पाय पसरून बसल्या होत्या. भोवती हरियाणातल्या एका खेड्यातून आलेल्या पाच-सहा बायका, मध्ये शेंगांचा ढीग. एक आजीबाई स्वतःचा गुडघा वाकवून दाखवत होती आणि सासूबाई तिला मराठीत सांगत होत्या, की असं केलं की मला इथे कळ येते. तिला ते समजतही होतं. काकांना बघून त्यांनी शेंगा पुढे केल्या.

मी विचारलं, अहो आई, पुकारा ऐकू नाही का आला?

‘आला की,’ त्या म्हणाल्या. ‘जिथे असाल तिथे बसून राहा, म्हणाले. मी बसलेलीच होते.’

काका त्यांच्या शेजारी गवतावर बसले. एक शेंग सोलली आणि तशीच हातात धरून राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशीचं सगळं तयार होतं. मटारची उसळ, गाजराचा हलवा, गरम पोळ्या तव्यावर. त्या घराची एक रीत होती. फिरून आल्यावर काका स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि आज काय काय दाखवलं ते मावशीला पहिल्यापासून सांगत. ती पोळ्या लाटता लाटता हं, हं करायची. त्या दिवशी काका गप्प होते, म्हणून सासूबाईंनीच सांगायला घेतलं. हरवल्याचं काही वाटून न घेता, उलट मजेत. सांगता सांगता म्हणाल्या, ‘ताई, त्या भिंतीपाशी काय छान ऊन असतं हो. तुम्हांला ती जागा ठाऊक असेलच.’

‘मी कुठे गेलेय तिथे,’ मावशी म्हणाली.

सासूबाईंना वाटलं, मागच्या बाजूला गेली नसेल. नाही, पुढूनही नाही. मकबऱ्याला ती गेलीच नव्हती. मग कुतुबमिनार? तो बसमधून दिसतो की. लाल किल्ला? त्याच्या बाहेर एकदा चादरी घ्यायला गेले होते, मावशी म्हणाली. ताटात पोळी वाढत, अगदी सहज सांगत होती. पाहुणे फिरून आले की भुकेले असतात. घरी कोणी तरी हवंच ना.

काका हसले. असं कसं होईल, म्हणाले. कुतुबला आपण गेलो होतो, तुझी बहीण आली होती तेव्हा. मावशीने आठवण करून दिली, की तेव्हा मुलाला ताप होता. बरं, जंतरमंतर. तेव्हा दिराचे सासरे आले होते, त्यांचं पथ्याचं करायचं होतं. काका एकेक इमारत काढत गेले. प्रत्येक इमारतीसमोर त्यांना कोण ना कोण पाहुणे आठवत होते, ते काय म्हणाले तेही आठवत होतं. मावशी कुठेच सापडेना. शेवटी ते थांबले.

‘पण तुला तर सगळं माहीत आहे,’ ते म्हणाले.

‘तुम्ही सांगता ना रोज,’ मावशी म्हणाली. त्यांना बरं वाटावं म्हणूनच म्हणाली. आणि ते ऐकून काकांचा हात ताटातच राहिला.

मावशीला कळेना, सगळे असे का गप्प झाले. आणखी उसळ हवी का, म्हणून तिने विचारलं. तेव्हा सासूबाई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, की उद्या गुरुवार आहे.

काका हात धुऊन गॅलरीत गेले. मुलाला फोन लावलेला आम्हांला ऐकू येत होता. उद्या सकाळी आग्र्याला जायला मोठी गाडी हवी, सहा माणसांची, ड्रायव्हर धरून. पलीकडून तो काही तरी विचारत होता. काका म्हणाले, हो, यूपीच. मग थोडा वेळ ऐकून म्हणाले, नाही, तब्येत ठीक आहे. तरी मुलाची खात्री पटली नसावी, कारण नंतर त्याने मला वेगळा फोन करून विचारलं, की ताई, बाबांना नक्की काय झालंय.

सकाळी आम्ही उठलो तेव्हा मावशीच्या पुऱ्या तळून झाल्या होत्या. स्वतः फिरायला जायचं तर स्वयंपाक करायचा नसतो, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. काकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा थर्मास भरला. वाटेत उघडला तेव्हा आत नुसतं गरम पाणी होतं. चहा त्यात वेगळा घालावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मावशी ते पाणी घोट घोट प्यायली आणि घशाला बरं वाटलं म्हणाली.

दिल्लीची हद्द संपल्याची पाटी धुक्यातून हळूहळू पुढे आली. काका ताठ बसले. पाटी मागे पडली, तसं त्यांनी खिडकीतून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, कोणी हटकतंय का म्हणून. कोणी हटकलं नाही. मग ते मागे टेकले आणि थोड्या वेळाने चक्क घोरायला लागले.

आग्र्याला पोचलो तरी धुकं होतंच. दरवाज्यापाशी काकांनी सगळ्यांच्या बॅगा, डबे, शाली स्वतःकडे घेतल्या आणि एका कट्ट्यावर बसकण मारली. तुम्ही या बघून, म्हणाले. सामान ठेवायची सोय आहे, असं मी सांगून पाहिलं, पण त्यांचा असल्या सोयींवर विश्वास नव्हता. सामानापाशी कोणी तरी हवंच, म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे बघितलं, काही बोलणार होती, पण सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला चालवायला सुरुवात केली.

आत काहीच नव्हतं. मोठा दरवाजा ओलांडून आम्ही उभ्या राहिलो तर समोर पांढरं धुकं आणि त्यात माणसं. सासूबाईंनी विचारलं, ‘आहे कुठे?’ मी बोट दाखवलं, पण कशाकडे दाखवत होते ते मलाही दिसत नव्हतं. आम्ही एका बाकावर बसलो. मनवा कंटाळली. सासूबाई हवामानावर रागावल्या. मावशी मात्र शांतपणे, पदर सावरून, गाडीची वाट बघावी तशी बसली होती.

मग ऊन आलं असावं. धुक्यातच कुठे तरी वर एक गोल कडा दिसली, तिच्याखाली काही नाही. हळूहळू बाकीचं खाली उतरत आलं. मनवा म्हणाली, आज्जी, हात दुखतोय. मावशीने तिचा हात घट्ट धरलेला होता. सासूबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या. बऱ्याच वेळाने, पेपर तपासून झाल्यासारख्या म्हणाल्या, ‘चांगला बांधलाय.’ मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. तिने विचारलं ते एवढंच, की ते एकटेच बाहेर बसले असतील, नाही का.

आम्ही बाहेर आलो, तर काका एकटे नव्हते. दोन बंगाली कुटुंबांना समोर उभं करून ते ताजमहाल कसा बघावा हे समजावून देत होते. कुठून आत शिरावं, आधी काय बघू नये, नदीच्या अंगाने वळसा कसा घालावा. ती माणसं मन लावून ऐकत होती. मावशी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. थोडा वेळ तिनेही ऐकलं.

‘उठा,’ ती म्हणाली.

काकांनी वळून पाहिलं. बंगाली माणसं समोर, म्हणून हिंदीत विचारलं, ‘और सामान?’

‘सामान ह्या बघतील. उठा.’

‘आप फिर से जाएँगी?’

‘हो.’

‘अगं, पाय दुखतील तुझे,’ काका मराठीत म्हणाले. पण मावशी तोपर्यंत चालायला लागली होती. काकांनी खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली, बंगाली मंडळींना नमस्कार केला आणि तिच्या मागोमाग निघाले. घाईघाईने, ती पुढे निघून जाऊ नये अशा बेताने.

आम्ही बॅगा सांभाळत बसलो. पुऱ्या खाल्ल्या. मनवाने पिशवीतला माझा फोन काढून घेतला, तिला कोणी अडवलं नाही. दोघांना खूप वेळ लागला. शेवटी दरवाज्यातून येताना दिसले तेव्हा बोलत वगैरे नव्हते, नुसते शेजारी शेजारी चालत होते. सासूबाईंनी उत्सुकतेने विचारलं, की काय व्याही, कसा वाटला. काकांनी तोंड उघडलं. आम्ही सगळ्या तयारीत बसलो. आता बादशहापासून गवंड्यांपर्यंत सगळं निघणार.

‘बघितला,’ ते म्हणाले, आणि बॅगा उचलायला लागले.

परतीच्या वाटेवरही गप्प. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली नाही. आमच्याबरोबर बसून मुलाने गुरुग्रामहून मागवून दिलेलं जेवण जेवले.

त्याला आता काही वर्षं झाली. पाहुणे अजून येतात, काका अजून दिल्ली दाखवतात. मावशीही बरोबर असते. त्या दिवशी घरात स्वयंपाक होत नाही, आणि जुन्या पाहुण्यांची त्याबद्दल थोडी कुरकुर आहे. काका वाटेल त्या इमारतीवर वाटेल तेवढं बोलतात. फक्त ताजमहालावर बोलत नाहीत.

त्या वेळची सुट्टी संपल्यावर मनवाला शाळेत सहलीवर निबंध लिहायचा होता. तिने काकांना फोन करून ताजमहालाची माहिती विचारली. त्यांनी तिला मावशीकडे पाठवलं. फोन मावशीच्या हातात गेला, तेव्हा मनवाने वही उघडून पेन सरसावलं आणि विचारलं, की आज्जी, तुम्ही दोघं परत आत गेलात, तेव्हा काकाआजोबांनी तुला काय काय सांगितलं?

‘काही नाही गं,’ मावशी म्हणाली. ‘मी म्हटलं बसा, तर बसले.’